खुर्चीमागचं दार

"बाबा, कापड उलटं ताणलंय तुम्ही!"

लेकीनं चित्राची चौकट फिरवून दाखवली. पांढरा लेप दिलेली, रंग धरून ठेवणारी बाजू भिंतीकडे तोंड करून कोरीच्या कोरी बसली होती. खुर्चीवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"सोफ्याच्या कापडाला लेप असतो तो पाठीला. तो आत जातो, कापड बाहेर येतं. तुमच्या चित्रकारांचं सगळंच उलटं, मला काय ठाऊक!"

लेक हसली, पण त्यांना हसू येईना. सोफे-खुर्च्या मढवण्यात जन्म गेलेला माणूस. चित्रकला त्यांना कुणी शिकवली नव्हती, आणि शिकवायला गेलं असतं तर त्यांनी आधी मास्तरांची खुर्ची दुरुस्त केली असती. पण बायकोचं माहेर रस्त्यासाठी पाडलं गेलं, एक फोटोसुद्धा उरला नाही, आणि ती एवढंच म्हणाली, "तो व्हरांडा एकदा डोळ्यांनी बघायचाय हो." तेव्हापासून त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आधी सोफ्याच्या उरलेल्या लाकडात व्हरांडा कोरला. बायको म्हणाली, "बाहुलीचं घर छान झालंय." मग मातीत घडवला, तो वाळताना तडकला. मग जाड सुईनं रंगीत दोऱ्यांत भरला. त्यात सासऱ्यांची खुर्ची हुबेहूब उतरली, पण बाकीचा व्हरांडा म्हणजे नुसता पडदा. शेवटी लेकीनं रंग आणि कॅनव्हास आणून दिला. आठवडाभर जेवणाखाण्याची शुद्ध नव्हती, आणि आता हे. उघड्या कापडानं सगळे रंग पिऊन टाकले होते. चित्र पार मलूल दिसत होतं.

"जाऊ दे. हेही आपल्या हातचं नाही," असं म्हणून त्यांनी खिळे उपटायला पक्कड घेतली.

"थांबा," हात पुसत आलेली बायको म्हणाली. चित्रासमोर ती बराच वेळ उभी राहिली. "संध्याकाळ आहे ना ही?"

"दुपार काढली होती."

"बरं झालं बिघडली. शेजारच्या भिंतीनं ऊन अडायचं. भर दुपारीही आमच्याकडे असाच उजेड असायचा. तेच मला सांगता येत नव्हतं." चित्रातल्या वडिलांच्या खुर्चीच्या हातावर तिनं हलकेच बोट टेकवलं. "अप्पा आत्ताच उठून आत गेलेत."

खुर्चीवाल्यांच्या हातातली पक्कड तशीच राहिली. इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच नावं ठेवली नव्हती. पण तेवढ्यात तिनं विचारलंच, "मागचं दार रिकामं का?"

"तिथे तू होतीस. मी अप्पांची ही खुर्ची दुरुस्त करायला पहिल्यांदा आलो, तेव्हा पाणी घेऊन आली होतीस."

"मग काढलं का नाही मला?"

"मी..." ते चाचरले. "मी खुर्चीच बघत होतो. मागचा उजवा पाय डुगडुगत होता तिचा."

लेकीनं घाईघाईनं खिडकीकडे तोंड फिरवलं. बायको स्वयंपाकघरात निघून गेली. आता बसतेय रुसून, असं त्यांना वाटलं.

ती परत आली आणि खोलीच्या दारात थांबली. केस पिकलेले, हातात पाण्यानं भरलेला पेला.

"हं. आता बघा."

खुर्चीवाल्यांनी पक्कड ठेवून ब्रश उचलला आणि मान वर केली. बघतच राहिले.

"तेव्हा किती वेळ उभी होतीस गं?"

"अजून उभीच आहे," ती म्हणाली, आणि तिनं पेला दुसऱ्या हातात घेतला.