पांढऱ्या कोळंबीवरचा निळा प्रकाश

मित्रांनो, मी रंग आहे. पण भिंतीला लावायचा नव्हे. तपकिरी बाटलीच्या तळाशी उरलेला पिवळसर द्रव, एवढंच माझं रूप. अन्नात सल्फाइट असेल तर मी त्याला जाऊन मिळतो आणि बॅटरीच्या जांभळ्या उजेडात निळा चमकतो. नसेल तर गप्प राहतो. मला हे एकच काम येतं आणि ते मी कधी चुकवलं नाही. माणसांबद्दल असं म्हणवत नाही.

सल्फाइट ही पांढरी पावडर. सरबत, सुकवलेली फळं, कोळंबी टिकावी म्हणून ती घालतात. ठरलेल्या मापात ती बहुतेकांना चालते. दमा असलेल्या काहींचा मात्र तिने श्वास कोंडतो. आणि माप पाळणं माणसाला फार जड जातं.

मला किशोरीने पुण्याच्या एका प्रयोगशाळेत बनवलं. ती मालवणजवळच्या देवबागची. तिच्या आईला, मथुराला, अधूनमधून जीवघेणा दमा उठायचा आणि कारण सापडत नव्हतं. म्हणून किशोरीने अन्नातलं सल्फाइट ओळखण्याचा विषय घेतला. मी अनेकदा फसलो, अनेकदा मोरीत ओतला गेलो. शेवटी जमलो, तेव्हा तिने मला काचेच्या बशीतल्या जिवंत पेशींमध्ये सोडलं. पेशीच्या पोटात जाऊन आलेला मी आहे, मित्रांनो. पेशीसुद्धा स्वतःपुरतं थोडं सल्फाइट तयार करते, पण ते वाढलं की लगेच त्याचा निकाल लावते. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीला कुठे थांबायचं ते कळतं. कोळंबीच्या टबात ओंजळीने पावडर ओतणाऱ्याला ते कळत नाही.

माझं कौतुकही झालं. मोठ्या सभागृहात पडद्यावर माझे निळे फोटो दाखवले. किती सुंदर, असं लोक म्हणाले. मी सुंदर दिसण्यासाठी जन्मलो नव्हतो. टाळ्या वाजवून तीच माणसं जेवायला गेली आणि तयार बाटलीतलं सरबत प्यायली. त्यात काय आहे, हे एकानेही विचारलं नाही.

मे महिन्यात किशोरी मला घरी घेऊन आली. तिचे वडील दत्ताराम कोळंबीचे व्यापारी. होडी किनाऱ्याला लागली की माल पावडरीच्या पाण्यात बुडवायचा, म्हणजे डोकी काळी पडत नाहीत, ही त्यांची रीत. डोकं काळं पडणं म्हणजे कोळंबी सडणं नव्हे. पण गिऱ्हाइकाला पांढरी लागते. होमस्टेवाल्याला पांढरी लागते. पाहुण्यांना फोटोत पांढरी लागते. जिभेने खायची वस्तू ही माणसं डोळ्यांनी पारखतात आणि स्वतःला खवय्ये म्हणवतात.

दत्तारामही तसेच. बायकोवर त्यांचा जीव होता, म्हणून टबातली सर्वांत पांढरी कोळंबी ते तिच्यासाठी वेगळी काढत.

"मथुरा, तू ही खा. काळ्या डोक्याची मांजराक घाल," असं ते म्हणत.

मांजर धडधाकट होतं. मथुराला धाप लागायची. खाडीची दमट हवा बाधते, असं गाव म्हणे. शेजारच्या सीताकाकीने देवाला कौल लावायला सांगितलं. तोही लावून झाला. ताटाकडे कोणी बघितलं नाही.

किशोरीने बघितलं. तिने कोळंबी ठेचून पाण्यात ढवळली, त्यात मला टाकलं आणि बॅटरी लावली. मी असा पेटलो की पडवीची भिंत निळी झाली.

"बाबा, आईक ही सुंगटां देव नकात," ती म्हणाली. कोळंबीला इथे सुंगटां म्हणतात. शिजवल्यानेही पावडर सगळी जात नाही, हे तिने समजावून सांगितलं.

"माजो जल्म गेलो सुंगटांत. आता ही बाटली माका शिकयतली?"

मथुरा पायरीवर नारळ खवत होती. "बाटली तरी खरा बोलता," ती म्हणाली. "तुमी खंय बोलतास?"

सगळे हसले. दत्तारामही हसले. हसल्यावर गोष्ट मिटली, असं माणसांना वाटतं. किशोरीने आईकडून कोळंबी न खाण्याचं वचन घेतलं, मला फ्रिजमध्ये आणि बॅटरीला फ्रिजवर ठेवलं आणि ती पुण्याला गेली. मी दह्याच्या भांड्यामागे पडून राहिलो.

ऑगस्टमध्ये मासेमारी पुन्हा सुरू झाली. या घराची एक रीत होती. हंगामाची पहिली कोळंबी घरधनिणीच्या पानात वाढायची, तिने घास घेतल्यावर इतरांनी जेवायचं. दत्तारामांनी पहिला वाटा घरी आणला. आणण्याआधी तो पावडरीच्या पाण्यात बुडवला. का? तर पहिल्या दिवशीची कोळंबी तिला छान दिसावी म्हणून. मथुराने वचनाची आठवण दिली. एका दिवसाने काय होतंय, असं ते म्हणाले. रीत मोडवेना, म्हणून ती जेवली.

मी चार हातांवर होतो. फ्रिजचं दार उघडलं ते दही काढण्यासाठी.

दुपारीच तिला धाप लागली. तोंडात मारायचा पंप पुरला नाही. रिक्षा मालवणला पोचायच्या आधी तारकर्लीच्या रस्त्यावर ती गेली.

त्यानंतर दत्तारामांच्या टबात पावडर पडली नाही. गावाने याला मोठेपणा म्हटलं. मी म्हणत नाही.

वर्ष झालं तेव्हा तिच्या नावाने पान वाढायचं होतं, तिच्या आवडीचं. दत्तारामांनी काळ्या डोक्याची कोळंबी आणली. त्यातली एक ठेचून पाण्यात ढवळली आणि मला फ्रिजमधून बाहेर काढलं. बूच काढताना मी अर्धाअधिक ओट्यावर सांडलो, उरल्यातले चार थेंब पाण्यात पडले. त्यांनी बॅटरी लावली. मी गप्प राहिलो. कोळंबी स्वच्छ होती.

"बघ गो, आता काय नाय त्यात," ते म्हणाले.

पान वाढलेलं होतं. जेवणारी नव्हती.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी सांगणार नाही. माझ्यासारखे पुष्कळ तयार होतील. कोळंबीचं डोकं काळं दिसलं म्हणून नाक मुरडू नका. आणि घरात कोणाला धाप लागत असेल तर हवेला दोष देण्याआधी त्या माणसाच्या ताटात काय आहे ते तपासा, ते माणूस ताटावर बसलेलं असताना.