पिक्चर सुटला

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी जुनं परत एकदा बघितलेलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. मी बघितलंय. दुपारी केबलवर दुसरं लागतं काय? आमच्या वेळची ती हिरॉईन, जिच्यापायी मी नि कुमुदने रुमालच्या रुमाल भिजवले, ती अर्धा पिक्चर नुसती खोकते. घरात चांगले शिकलेसवरलेले पुरुष, दारात मोटार उभी, आणि एकाच्याही डोक्यात येत नाही की बाई, चल, डॉक्टरकडे जाऊन येऊ. गाणी म्हणतात मेले! आणि नवे पिक्चर म्हणाल तर तिथेही उजेडच. घरात दोन-दोन जिने, सकाळी उठल्यापासून सगळे जरीच्या कपड्यांत, आणि नोकरीला कोणी जात नाही. त्या घरात दूध कोण आणतं? आधी ते सांगा, मग तुमचं प्रेम सांगा.

नावं विचारू नका. मी नि कुमुदने पिक्चरना नावाने कधी ओळखलंच नाही. हा 'खोकलीचा', तो 'दोन जिन्यांचा', एक 'बिनदुधाचा'. आम्हाला बरोबर कळायचं.

कुमुद म्हणजे सरोजिनीनगरला आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये राहायची ती. आमचे हे, बळवंतराव, केंद्र सरकारच्या नोकरीत, तिचेही तसेच. नवरे ऑफिसात, मुलं शाळेत, की आम्ही चालत थिएटरला. माझा उभा संसार त्या क्वार्टरमध्ये झाला. मग हे रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, नि आम्ही गुडगावला सुधन्वाकडे आलो. हे पहिल्याच थंडीत गेले. मी राहिले, नवव्या मजल्यावर.

सुधन्वा माझा एकुलता एक. परदेशी कंपनीत आहे. त्याची बायको मयुरा, तीही नोकरीला. दोघंही चांगली आहेत, उगाच खोटं कशाला बोलू? सुनेने कधी आवाज चढवला नाही. पण फ्लॅटचा दरवाजा असा, की ओढला की आपोआप बंद. बाहेरून उघडायचा तर किल्लीच हवी. किल्ल्या तीन. एक सुधन्वाकडे, एक मयुराकडे, तिसरी मयुराच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, इमर्जन्सीसाठी. मी एकदा विचारलं, माझी कुठाय? सुधन्वा हसला. "तुला कशाला लागते किल्ली, आई? तू तर घरीच असतेस."

म्हणजे बघा. किल्ली नाही म्हणून मी घरी, आणि मी घरी म्हणून किल्ली नाही.

खाली उतरून करायचं तरी काय म्हणा. रस्ता आहे, फूटपाथ नाही. ऑटो नाही, बस कुठे थांबते ते गार्डलाही माहीत नाही. जिकडे बघावं तिकडे क्रेन, नि त्यांच्यामधून भरधाव गाड्या. बाल्कनीतून दिसतात ते समोरच्या टॉवरचे पडदे. एकदा सुधन्वाने मला कौतुकाने एक बक्षीस मिळालेला पिक्चर दाखवला. त्यात एक बाई खिडकीशी बसून बाहेर बघत राहते. संपला. "ग्रेट फिल्म आहे ना, आई?" म्हटलं, "अरे, हे तर मी रोज करते. मला कुठे कोणी बक्षीस दिलं?" तो हसला, मयुरा हसली, मीही हसले. नंतर न्हाणीघरात जाऊन रडले, ते वेगळं.

मॉलमधल्या नव्या थिएटरलाही घेऊन गेले हो मला. खुर्च्या अशा, की माणसाने झोपूनच जावं. हिरो ऐन लग्नात नवरीच्या बापाला भाषण द्यायला लागला, तेव्हा मी आपली म्हटलं, "अरे, आधी जेवू तरी दे लोकांना!" मयुराने हळूच माझा हात दाबला. "आई, प्लीज, हळू." आमच्या थिएटरात अख्खा हॉल बोलायचा! आणि संपल्यावर तर काय, सरकता जिना, लिफ्ट, तळघर, गाडी, की परत लिफ्ट नि घर. तोंडाला वारा म्हणून लागला नाही.

पिक्चरची खरी मजा तो सुटण्यात असते. बाजूचे दरवाजे धाडकन उघडतात, भर दुपारचं ऊन डोळ्यांत घुसतं, काही दिसेनासं होतं. माणसं एकमेकांना ढकलत बाहेर पडतात. मग थिएटरपासून क्वार्टरच्या फाटकापर्यंत मी नि कुमुद भांडत यायचो. तिला सगळं आवडायचं, मला काही आवडायचं नाही. मध्ये टिक्कीवाल्याशी थांबून भांडण पुरं करायचो. पिक्चर वाईट असला तर जास्तच मजा.

तर एका हिवाळ्यात कुमुदचा फोन आला. तिचे मिस्टरही रिटायर झाले होते, सामान ट्रकमध्ये चढलं होतं, क्वार्टर सोडून दोघं नणंदेकडे उतरली होती, सोमवारी ती कायमची नागपूरला चालली होती. "शनिवारी ये गं," म्हणाली. "शेवटचा बघू. मग तुझ्याशी भांडायला मी काय नागपूरहून येणार?"

सुधन्वा म्हणाला, "मी सोडतो ना, पुढच्या महिन्यात एखाद्या रविवारी." तो पुढच्या महिन्यातला रविवार मी यायच्या आधीपासून पुढच्या महिन्यातच होता.

"सोमवारी ती जातेय. मी बसने जाईन."

"आई, हायवेवर सगळं खोदलंय. तुला काही झालं तर?"

"अरे, तू अंगावर पीत होतास तेव्हापासून मी दिल्लीच्या बसला लटकतेय!"

बराच वेळ ओढाताण झाली. शेवटी मी म्हटलं, "हे बघ, मी नीट जाते, नीट येते. तसं झालं तर मला माझी किल्ली करून द्यायची. नाही झालं तर परत नाव काढणार नाही."

"बरं बाई, देतो करून," सुधन्वा म्हणाला. "पण निघताना फोन कर. बिल्कुल विसरायचं नाही."

आठ वर्षांची रेवती, माझी नात, सोफ्यावरून ऐकत होती. "आजी को चाबी मिलेगी!" म्हणून नाचली. पोरीला मराठी येतं, पण पाहुण्यासारखं.

गेले. हायवेपर्यंत चालत, तिथून हरियाणाच्या बसने धौला कुआँ, पुढे ऑटो. ऑटोवाल्याशी घासाघीस केली तेव्हा तर अंगात बळच आलं. कुमुद थिएटरच्या दारात उभी. तिची वेणी पांढरी झाली होती, नि माझी तिला दिसत असणार. दोघी सरळ तिकिटाच्या रांगेत शिरलो.

पिक्चर नवा होता, पोलिसाचा. गुंड त्याच्या आईला पळवून नेतात, गोदामात खुर्चीला बांधतात, मुलगा चाळीस माणसं लोळवून तिला सोडवतो. हेही शंभरदा झालंय. मी कुमुदला म्हटलं, "अगं, त्या आईच्या मागे खिडकी सताड उघडी आहे. दोरी तर अशी बांधलीय, की झटकली तरी पडेल. उठून घरी का जात नाही ही?"

"आई आपणहून घरी गेली," कुमुद डोळे पुसत म्हणाली, "तर मुलाने काय करायचं, बाई?"

मागून कोणीतरी म्हणालं, "चुप करो आंटी!" काय बरं वाटलं म्हणून सांगू!

मग दरवाजे उघडले. डोळ्यांत ऊन. आम्ही टिक्की खाल्ली, 'उघड्या खिडकीचा' असं त्या पिक्चरचं नाव ठेवलं, नि मार्केटच्या कोपऱ्यावर कुमुदने मला घट्ट धरलं. मी म्हटलं, "पुरे. खोकायला लागशील." ती हसली, आणि गेली.

तिथल्याच पीसीओवरून मी घरी फोन केला. चारी बाजूंनी कपडेवाले ओरडत होते. फोन रेवतीने घेतला.

"बाबाला सांग, पिक्चर सुटला, मी निघाले."

"ओके, आजी."

झालं. परतीची बस उभ्याने काढली, तरी मी मनातल्या मनात किल्लीला गोफ विणत होते. अंधार पडता पडता सोसायटीच्या फाटकातून आत शिरले, लिफ्टने वर गेले, बेल दाबली. पुन्हा दाबली. आत कोणी नाही. म्हटलं, गेले असतील मार्केटला, येतील. चपलांच्या स्टँडवर टेकले. किल्ली असती तर चहा करून ठेवला असता. लिफ्ट वरखाली जात राहिली, आमच्या मजल्यावर काही थांबेना. पाय गार पडले. तरी मी खुशीत होते, खरं सांगते. मी नीट गेले होते, नीट आले होते.

बऱ्याच वेळाने लिफ्टचं दार उघडलं. पुढे सुधन्वा, मागे मयुरा, तिच्या खांद्यावर रडून झोपलेली रेवती. सुधन्वाने मला बघितलं, नि तो भिंतीला टेकला.

"कुठे होतीस तू?"

"इथेच. दारात."

"आम्ही सगळी दिल्ली पालथी घातली, आई! थिएटरवर गेलो, मार्केट बघितलं. कुमुदमावशीचा फोन कटलेला, घराला कुलूप. पोलीस चौकीत तुझा फोटो दाखवून आलो मी!"

"पण का? मी फोन केला होता की!"

आवाजाने रेवती जागी झाली. मयुरा म्हणाली, "तिनेच घेतला. म्हणाली, आजी की पिक्चर छूट गई, आजी निकल गई."

क्षणभर मला कळेना, नि मग कळलं. अगं बाई! ध चा मा झाला होता. मी म्हटलं, पिक्चर सुटला. पोरीने केलं, छूट गई. म्हणजे आजीचा पिक्चर चुकला, आणि आजी निघून गेली, कुठे ते देवाला ठाऊक. मला हसू आवरेना. "अरे, सुटला म्हणजे संपला, लोक बाहेर पडले! शाळा सुटते तसा!"

कोणी हसलं नाही. सुधन्वाचे डोळे लाल होते. लहानपणी जत्रेत हात सुटला होता तेव्हा त्याचा चेहरा असाच झाला होता.

"सुधन्वा, पण मी हरवलेच नव्हते रे. नीट गेले, नीट आले. हरवलात ते तुम्ही."

"आई, बास."

"ठरलं होतं आपलं. किल्लीचं."

"आज? आज तू किल्लीचा विषय काढतेस?" त्याचा आवाज चिरकला. "चौकीत तो हवालदार मला विचारत होता, माताजी को भूलने की बीमारी है क्या. माझी काय हालत झाली असेल? हे प्रयोग आता नकोत. प्लीज."

त्याने त्याची किल्ली काढली, दार उघडलं, आणि मला दंडाला धरून आत नेलं. हलकेच धरलं होतं. झिडकारता आलं असतं तर बरं झालं असतं.

मला राग आला होता. रात्रभर आला होता. पण राग काढायचा कोणावर? पोरीवर, जिला आम्हीच मराठी शिकवलं नाही? की त्याच्यावर, जो माझ्यासाठी चौकीत रडून आला? त्या पिक्चरमधल्या आईला निदान गुंडांनी तरी बांधलं होतं.

पुढच्या रविवारी दोन माणसं एक भलंमोठं खोकं घेऊन आली. भिंतभर टीव्ही. खाली डीव्हीडीचा डबा, चार कोपऱ्यांत चार स्पीकर. सुधन्वा स्वतः वायरी जोडत होता, लहान मुलासारखा हरखून. जुन्या-नव्या पिक्चरच्या तबकड्यांची चळतच आणली होती त्याने. खोकलीचाही होता. कोणाकोणाला विचारून शोधला असेल.

"बघ आई, घरातच थिएटर! आता तुला कुठे जायलाच नको."

"किल्ली?" मी विचारलं.

त्याला वाटलं, मी चेष्टा करतेय. रिमोट माझ्या हातात देऊन म्हणाला, "ही घे तुझी किल्ली."

मयुराने टाळ्या वाजवल्या. मी पण "छान आहे हो" म्हटलं. काय म्हणणार?

सोमवारी सगळे गेले, दार ओढलं गेलं, कट्ट झालं. मी खोकलीचा लावला. एवढ्या मोठ्या पडद्यावर तिचा खोकला घरभर घुमला. मी म्हटलं, "अरे, डॉक्टर बोलवा!" मागून कोणी गप्प करायला नव्हतं. कुमुद तर केव्हाच नागपूरला पोचली होती.

दुपारी रेवती शाळेतून आली, दप्तर टाकून माझ्याजवळ सोफ्यावर चढली. हिरॉईन मेली. अक्षरं आली. मग पडदा निळा झाला, तबकडीचं सुरुवातीचं चित्र परत आलं, आणि तोच सुराचा तुकडा वाजायला लागला, पुन्हा पुन्हा. पडदे ओढलेले, दार बंद. कुठून ऊन आलं नाही.

त्या दिवसापासून पोरगी शब्दाशब्दाला जपायला लागलीय. माझ्या तोंडाकडे बघत तिने नीट, सावकाश, मराठीत विचारलं, "आजी, पिक्चर सुटला?"

"नाही गं," मी म्हटलं. "नुसता संपला."