भोकांच्या पाटीची दुसरी नोकरी

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. पण तुमच्या दप्तरातल्या पाटीशी माझी काही सोयरीक नाही. माझ्यावर पेन्सिलीची रेघसुद्धा उमटत नाही. मी ॲल्युमिनियमची आहे आणि माझ्या अंगावर ओळीने आठ-आठ कोपऱ्यांची भोके आहेत. त्या भोकांत शिशाचे छोटे खिळे बसवतात. खिळ्याच्या एका टोकाला उंच कड असते. ती कड आठ दिशांना वळवली की आठ अंक होतात, आणि खिळा उलटा केला की दुसऱ्या टोकाच्या दोन टिंबांवर उरलेल्या अंकांचे भागते. डोळ्यांनी पाहणाऱ्याला मी म्हणजे नुसता खिळ्यांचा पसारा वाटते. बोटांनी पाहणाऱ्याला मात्र माझ्यावर अख्खे गणित वाचता येते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मी शुद्धीवर आले ती नागपुरातल्या अंधांच्या शाळेत, बासष्ट साली. तिथे सक्करदऱ्याच्या पुष्पलताच्या मांडीवर माझी नेमणूक झाली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि नाकावर राग घेऊनच शाळेत यायची. शेजारणीचा धक्का लागून मी कलंडले की सगळे खिळे घरंगळत आणि होत आलेला भागाकार जमिनीवर विखुरला जाई. मग पुष्पलता आधी शेजारणीला चिमटा काढी, नंतर खिळे गोळा करी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. गुरुजी तिच्या बोटांचे फार कौतुक करीत. थोडे माझेही करीत, असे मी आपले समजत असे.

शाळा संपल्यावर तिने मला मागून घरी आणले. चौऱ्याहत्तर साली तिला धंतोलीतल्या एका दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. आता भागाकार कोण करतो! तिची आई तुळसाबाई फार काटकसरी. घरात काही वाया जाऊ द्यायचे नाही, हा तिचा बाणा. तिने माझे खिळे सुपारीच्या डबीत टाकले आणि चुलीवरून उतरवलेला वरणाचा गंज माझ्यावर ठेवायला सुरुवात केली. तेरा वर्षे मी त्या पातेल्याखाली काढली. माझी पाठ काळी झाली. वाईट वाटायचे, लपवत नाही. पण गंज गरम आणि घर हसते-खेळते होते, त्यामुळे रडत बसायला फारशी सवड मिळाली नाही.

जेवताना पुष्पलता दवाखान्याच्या गोष्टी सांगे आणि मी त्या ऐकत असे. तिचा टेलिफोन बोर्ड लाकडी होता. फोन आला की त्याची छोटी पितळी झडप टप्पकन पडे आणि बोटाने चाचपून कोणती लाइन ते तिला कळे. मग वायर खोचायची आणि हव्या त्या खोलीशी जोडायची. कोणाला थांबवून ठेवायचे असेल तर त्याची वायर ती डाव्या हाताच्या बोटांत धरून ठेवी. हातात वायर आहे म्हणजे माणूस थांबलेला आहे, इतका साधा हिशेब. विदर्भातले निम्मे पेशंट तिला आवाजावरून ओळखत, आणि तीही त्यांना खोकल्यावरून ओळखी.

सत्त्याऐंशीच्या दसऱ्याला दवाखान्यात टेलिफोनचे नवे यंत्र आले. त्याच्या पोटात कॉम्प्युटर आहे म्हणे. व्यवस्थापक महादेवरावांनी त्याला हार घातला, हळदीकुंकू वाहिले आणि पेढे वाटले. शिकवायला आलेल्या साहेबाने तासभर समजावले: हिरवा दिवा लागला तर हे बटण दाबा, लाल लुकलुकला, म्हणजे कोणी थांबलेले असेल, तर ते. पुष्पलताने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, दिव्याचा आवाज कसा येते?" साहेबांनी पेढा तोंडात टाकला.

तरीही ती डगमगली नाही. बाहेरच्या लाइनी पाच, म्हणजे बटणेही पाच. घंटी वाजली की ती एकेक बटण दाबून पाही. रिकामी लाइन भुंग्यासारखी गुणगुणे आणि माणूस असेल तर तो हॅलो म्हणे. दोन दिवस निभावले. वायरी ओढाव्या न लागल्यामुळे खांदेही दुखले नाहीत, असे ती आईला कौतुकाने म्हणाली. तिसऱ्या दिवशी मात्र घात झाला.

पुसदहून देवराव नावाच्या गृहस्थांनी ट्रंक कॉल लावला होता. त्यांच्या बायकोचे, जिजाबाईंचे, आदल्या दिवशी ऑपरेशन झालेले. "लाइनवर राहा, नर्सबाईंना बोलावते," असे सांगून पुष्पलताने त्यांना थांबवले. तेवढ्यात आणखी चार फोन आले. तिच्या हातात वायर नव्हती. देवराव तिसऱ्या बटणामागे मुकाट्याने थांबले होते, दिवा बिचारा लुकलुकत होता आणि ती त्यांना साफ विसरली. शेवटी कॉल कटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवराव सहा नातेवाइकांना घेऊन, रडत, एसटीने येऊन हजर. "बायको गेली म्हणूनच कोणी बोलून नाही राहिलं, असं वाटलं मले!" इकडे जिजाबाई खाटेवर टेकून बसलेल्या. त्या म्हणाल्या, "काहून रडून राहिले तुमी? मी तं पोहे खाऊन राहिली!" सगळा वॉर्ड हसला. पुष्पलता हसली नाही. तिने देवरावांचे पाय धरले.

महादेवराव माणूस वाईट नव्हता. तो हळू आवाजात म्हणाला, "पुष्पाताई, तुमाले कोणी काढून नाही राहिलं. पगार तोच राहीन. फक्त खाली तळघरात बसून बँडेजच्या पट्ट्या गुंडाळा."

"मले आठ दिवस द्या, साहेब," ती म्हणाली.

त्याने दिले, पण धुतलेल्या पट्ट्यांची टोपली आधीच तिच्या टेबलापाशी आणून ठेवली.

हे सगळे मी त्या संध्याकाळी गंजाखाली बसून ऐकले. तेरा वर्षे पुष्पलता ज्या माणसांशी बोलत आली, ती तळघरात कुठून भेटणार? तुळसाबाईने वाढण्यासाठी गंज उचलला आणि पाणी घ्यायला पुढे आलेला पुष्पलताचा हात माझ्यावर पडला. बोटे भोकांवरून एकदा फिरली, मग पुन्हा फिरली.

"माय, माह्या पाटीचे खिळे कुठी हायत वं?"

"सुपारीच्या डबीत. काहून? आता या वयात पाढे म्हणतं का?"

जेवण तसेच राहिले. तिने मला चिंच आणि राख लावून घासले. मला इतक्या गुदगुल्या कधी झाल्या नव्हत्या!

दुसऱ्या दिवसापासून मी यंत्राशेजारी बसू लागले. माझ्या पाच ओळी म्हणजे पाच लाइनी. तिसऱ्या लाइनीवरच्या माणसाला सत्तावीस नंबरची खोली हवी असेल, तर तिसऱ्या ओळीत दोन आणि सात. बोलणे झाले की खिळे काढायचे. पहिल्या दिवशी माझीच तारांबळ उडाली. इतक्या वर्षांत अंगाला सवय राहिली नव्हती. एकदा सुपारीचा तुकडा भोकात अडकला आणि पाचाचा आठ झाला. पण चौथ्या दिवसापर्यंत आम्ही दोघी रुळलो. आणि तिने एक नवी रीत पाडली. बोट फिरवताना जिथे खिळा लागेल, तिथले बटण दाबून ती म्हणे, "मी हाय बरं इथं. तुमाले विसरली नाही." दर अर्ध्या मिनिटाला, प्रत्येकाला.

आठव्या दिवशी सोमवार होता. महादेवराव खुर्ची ओढून शेजारी बसला. पाचही दिवे लाल लुकलुकत होते. त्यातल्या दुसऱ्या लाइनीवर देवराव होते. बायकोला घरी कधी न्यायचे ते विचारायचे होते. डॉक्टर सापडेपर्यंत सहा मिनिटे गेली. तेवढ्या वेळात पुष्पलता बारा वेळा त्यांच्यापाशी जाऊन आली. शेवटी देवराव म्हणाले, "बाई, आता सांगू नका. तुमी हायत, मले भरोसा हाय."

महादेवराव उठला. त्याने पट्ट्यांची टोपली स्वतः उचलली आणि जिना उतरून खाली नेली. पुष्पलताने पायऱ्यांवरची पावले मोजली आणि मग पदराने डोळे पुसले.

आता दुपारपाळीचा ऑपरेटर रुपराव माझ्याकडे रोज चोरून पाहतो. त्याचे डोळे धडधाकट आहेत. पण पाच दिवे एकदम लुकलुकले की कोणाला कोण हवे आहे ते त्याला आठवत नाही. परवा तो म्हणाला, "ताई, मले बी शिकवा ना." ती म्हणाली, "शिक. पण पाहू नको गा, पाहून गल्लत होते. बोट फिरव." तो अजून साताच्या जागी नऊ लावतो. होईल सवय.

यंत्राला मी नावे ठेवत नाही, मित्रांनो. ते गुणी आहे. तुमच्याकडे नवे यंत्र आले तर त्याला हार जरूर घाला, पेढेही वाटा. फक्त त्याआधी, ज्याने त्यावर दिवसभर बसायचे आहे त्याला एवढे विचारा की बाबा, तुला काय लागेल? पुष्पलताला कोणी विचारले नव्हते. विचारले असते, तर पुसदच्या एका माणसाने आपली बायको गेली असे समजून ती रात्र काढली नसती.