नावाच्या डावीकडची जागा

हेमराजभाई पहिल्यांदा आमच्या कारखान्यात आले तेव्हाच मी ओळखलं, की हा माणूस पैशांसाठी घासाघीस करत नाही, सवयीने करतो. नैरोबीत दुकानं, मनगटावर सोन्याचं घड्याळ, आणि माझ्यासमोर बसून विचारतात काय, तर "रसीलाबेन, अनुस्वाराचे पण पैसे धरलेत का?"

"नाही हो. टिंब फुकट. काना-मात्रा अक्षराच्या पोटात. भाव इंचावर आहे. अक्षर जेवढं उंच तेवढे इंच, आणि जितकी अक्षरं तितकी पट."

"मग 'मातुश्री' काढून टाकलं तर?"

"तीन अक्षरांचे पैसे वाचतील आणि अख्खं गाव तुम्हाला नावं ठेवेल."

ते हसले. गिऱ्हाईक हसलं की सौदा अर्धा झाला असं माझे सासरे म्हणायचे, आणि झालाही. जामनगरात पितळाचं काम करणारे पायलीचे पन्नास मिळतील. पण इमारतीवरची अक्षरं पत्र्यातून कापून, घासून, मागे खिळ्यांना डाख देऊन भिंतीवर चढवेपर्यंत सगळं एका छपराखाली करणारे आम्ही कंसारा, म्हणजे कासार, थोडेच. नवरा गेल्यापासून ते छप्पर माझ्या डोक्यावर आहे. माझी जीभ तिखट आहे असं बाजारात म्हणतात. गोड जिभेने उधाऱ्या वसूल होत नाहीत, त्याला मी काय करू?

काम होतं खारावावचं. तिथे अडलेल्या बाईला छकड्यात घालून तासभर हादरे खात जामनगरला आणायचे, आणि कितीजणी वाटेतच संपायच्या. हेमराजभाई आणि त्यांचे धाकटे भाऊ झवेरभाई यांनी आईच्या नावाने गावात प्रसूतिगृह बांधलं. दारावर काळ्या ग्रॅनाइटची भिंत. तिच्यावर वरच्या ओळीत 'मातुश्री कुंवरबेन लाधाभाई', खालच्या ओळीत मधोमध 'प्रसूतिगृह'.

कुंवरबा तेव्हा जामनगरच्या इस्पितळात होत्या. हृदय थकलेलं. मुलांनी किती वेळा नैरोबीला बोलावलं, पण बाई गाव सोडून हलली नाही. आता त्यांची एकच मागणी होती: खाली रस्त्यावर उभं राहून आपलं नाव एकदा डोळ्यांनी बघायचं. बाकी काही मागत नव्हत्या, औषधसुद्धा नाही.

उद्घाटनाला थोडे दिवस उरले असताना हेमराजभाई पुन्हा आले. मी चहा आणि गाठिया मागवले. बशीत चहा ओतता ओतता ते म्हणाले, "बेन, एक 'स्व.' पण कापून ठेवा. त्याच मापात."

मला आधी समजलंच नाही. "कुणासाठी?"

"बांसाठी, माझ्या आईसाठी. डॉक्टरांनी हात टेकलेत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हेमराजभाई, त्या अजून श्वास घेतायत! जित्या बाईला स्वर्गवासी करायला निघालात?"

"मी काय बा मरावी म्हणून बोलतोय का?" त्यांचाही आवाज चढला. "उद्घाटन झालं की आमची विमानं. मागाहून ती गेली, तर गावात उभं राहून कोण करून घेणार? तुम्हीच सांगितलंत ना, अक्षर एकदा बसलं की सरकत नाही? मग जागा आताच नको ठेवायला?"

सांगितलं होतं खरं. ग्रॅनाइटमध्ये पडलेलं भोक जन्मभर दिसतं. आणि घासून वार्निश चढवलेल्या अक्षराच्या शेजारी नंतर कुणी ड्रिल लावत नाही. दगडाची भुकटी बसून पितळ काळवंडतं. म्हणून सगळी भोकं एकदम पाडायची असतात. माणूस वेडंवाकडं बोलत नव्हता, म्हणून तर जास्त राग आला.

"आमच्यात एक रीत आहे," मी म्हणाले. "चितेची राख निवल्याशिवाय आम्ही कुणाचं 'स्व.' कापत नाही. सासऱ्यांनी एका मंत्र्याला परत पाठवलं होतं. तुम्ही दुसरीकडे जा."

ते दुसरीकडे गेले नाहीत. गाठिया संपवले, मिरची खाल्ली आणि गेले. विषय संपला असं मी धरून चालले. इथेच मी फसले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कासमभाई अक्षरं आणि कागद घेऊन सकाळीच खारावावला गेले. हा कागद म्हणजे खऱ्या मापात छापलेली सबंध ओळ. ती भिंतीवर चिकटवायची, तिच्यातून भोकं पाडायची, कागद फाडून अक्षरांचे खिळे मसाला भरून आत ठोकायचे. कासमभाई सुमरा हे काम माझ्या लग्नाच्या आधीपासून करतायत. मी मागे थांबले, कारण 'गृ'च्या वार्निशवर कुणाचं तरी बोट उमटलं होतं.

दुपारी मी 'गृ' मांडीवर घेऊन रिक्षातून उतरले आणि वर पाहिलं. वरची ओळ उजवीकडे सरकलेली. खालची ओळ मधोमध. आणि 'मातुश्री'च्या डावीकडे हातभर रिकामा काळा दगड, त्यात शेजारी शेजारी दोन भोकं.

"कासमभाई!" रस्त्यावरची कुत्री उठली असतील एवढ्या जोरात मी ओरडले. "हे काय करून ठेवलंत?"

परांचीवरून ते वाकले. "शेठ म्हणाले, बेनशी बोलणं झालंय, जागा सोडा. मी म्हटलं झालं असेल."

"मला एक फोन लागत नव्हता तुम्हाला?"

"तुम्ही फोनवर शिव्या देता, बेन."

हेमराजभाई सावलीत उभे होते. "आवाज कमी करा. तुम्ही अक्षर कापू नका, तुमची रीत पाळा. मी फक्त जागा मागितली."

"ही जागा गाव वाचणार नाही असं वाटतं तुम्हाला? उद्या सगळे विचारतील, इथे काय यायचंय. आणि सगळ्यांना उत्तर माहीत असेल!"

"बा काही उद्या येत नाही. तिला उठवत नाही."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. झवेरभाई. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण हेमराजभाईंचा चेहरा उतरत गेला. "आज? आत्ता? डॉक्टरांनी सोडलं कसं?" मग फोन हळूच खाली केला. "बा निघालीय. ॲम्ब्युलन्समधून. डॉक्टर नाही म्हणाले, तर म्हणे, मला उद्याचं सांगू नका."

आम्ही तिघांनी एकदम त्या भिंतीकडे पाहिलं. मला एवढा धसका माझ्या लग्नातही बसला नव्हता. म्हातारी मरणाच्या दारातून उठून आपलं नाव बघायला येणार, आणि नावाशेजारी पोराने तिच्या मरणाची जागा धरून ठेवलेली दिसणार.

"बेन, तिला हे दिसता कामा नये," हेमराजभाई म्हणाले. "सांगाल तेवढे देतो. काहीतरी करा."

"आता मला पैसे दाखवू नका," मी म्हणाले, पण पदर खोचला.

ओळ उपटून सरकवायची तर जुनी भोकं चाळणीसारखी दिसणार. मसाला तर धरलाच होता. कासमभाईंनी काळा भुगा कालवून एका भोकात भरला. तो ओला असताना बरा दिसला आणि वाळताच राखाडी डाग पडला. पुसून काढला. ग्रॅनाइटचा तुकडा लावावा तर जामनगरहून आणायला वेळ कुठला? दूरवर धूळ उडाली की मी रस्त्याकडे धावायची. एकदा ट्रॅक्टर निघाला, एकदा दुधाची गाडी.

मग मला उद्याच्या सजावटीच्या टोपल्या दिसल्या. झेंडूचा एक हार चांगला जाड, लांब, दारासाठी केलेला. "कासमभाई, हा लावा. डावीकडच्या टोकापासून, ओळीच्या वरच्या कडेने, पार उजवीकडे. रिकाम्या जागेवर दुपदरी सोडा."

त्यांनी आधी 'गृ' ठोकलं, मग हार लावला. रिकामी जागा झेंडूत गडप झाली आणि ओळ मधोमध वाटायला लागली. हेमराजभाईंनी मला हात जोडले. मी स्वतःवरच खूश झाले. आम्हा तिघांपैकी एकालाही काही खटकलं नाही, इतकी घाई होती.

ॲम्ब्युलन्स आली. झवेरभाईंनी आणि ड्रायव्हरने कुंवरबांना खुर्चीतच खाली उतरवलं. पांढरा साडला, नाकात नळी, मांडीवर ऑक्सिजनचं नळकांडं. बाई एवढीशी झालेली, पण डोळे टक्क. त्यांनी मान वर केली आणि बघत राहिल्या.

"हार कुणी घातला?" त्यांनी विचारलं.

हेमराजभाई पुढे झाले. "शोभेला, बा. उद्याचं उद्घाटन ना."

"शोभेला दाराला घालतात. नावाला हार फोटोतल्या माणसाचा असतो. मी इथे बसलेय, दिसतेय ना तुला?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! घराघरात भिंतीवरच्या मेलेल्या माणसांना आम्ही हार घालतो, आणि तोच हार जित्या बाईच्या नावाला मी माझ्या तोंडाने घालायला सांगितला होता.

"काढ तो," कुंवरबा म्हणाल्या. कासमभाई परांचीकडे वळले तसा बांनी हात वर केला. "तुम्ही नको, भाई. हेमराज, तू चढ."

हेमराजभाई साठीचे. चामड्याचे बूट. एकेक बांबू धरत चढले. वर पोचून खाली आईकडे पाहिलं, बहुधा ती थांब म्हणेल या आशेने. ती हाराकडे बघत राहिली. त्यांनी हार सोडला आणि तो हातात गोळा करून तसेच उभे राहिले.

कुंवरबांनी डावीकडची जागा पाहिली. "खालची ओळ मधे आहे. वरची सरकली कशी?"

मला राहवलं नाही. "माप माझं चुकलं, बा. कागद मी काढला. माझी चूक."

त्या माझ्याकडे वळल्या. "कंसाराची बाई हातभर चुकत नाही, बेटा. गावातल्या चबुतऱ्यावर यांच्या बापाचं नाव मीच लावून घेतलं. नावाच्या आधी काय लावतात ते मला ठाऊक आहे."

"बा, मी सांगितलं तसं करायला," वरून हेमराजभाई म्हणाले. "तू गेल्यावर मागे कुणी नसेल, म्हणून..."

"ते अक्षर झालंय का करून?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, बा. जित्या माणसाचं आम्ही कापत नाही."

"मग मेल्यावरही कापू नको. आणि ती भोकं बुजवू नको. हा गावात येईल तेव्हा वर बघेल. त्याला दिसू दे, किती घाई झाली होती ती." श्वास पुरेना म्हणून त्या थांबल्या. झवेरभाई नळी नीट करायला वाकले, त्यांना बांनी बाजूला सारलं. मग वर बघून, पोराला शाळेतून आल्यावर विचारावं तशा आवाजात म्हणाल्या, "उतर आता, पडशील. सकाळपासून जेवलास का?"

हेमराजभाईंनी हारात तोंड खुपसलं. परांचीवर उभा राहून तेवढा मोठा माणूस रडत होता आणि त्याला खाली उतरता येत नव्हतं. शेवटी कासमभाईंनी वर जाऊन त्यांचा हात धरला.

उद्घाटन झालं. आलेल्या प्रत्येकाने त्या जागेकडे बघितलं, काहींनी मला विचारलंही. मी मूग गिळून बसले, जे मला आयुष्यात फारसं जमलेलं नाही. डॉक्टरांना खोटं पाडून कुंवरबा होळीपर्यंत जगल्या. तोवर तिथे गावातल्या कितीतरी पोरी बाळंत झाल्या होत्या.

त्या गेल्याचा फोन हेमराजभाईंनी नैरोबीहून स्वतः केला. मी काही बोलण्याआधीच म्हणाले, "बेन, गावातले पंच म्हणतायत, आता 'स्व.' लावून घेऊ, जागा आहेच."

माझं डोकं सणकलं. "हेमराजभाई, तुमच्या आईने माझ्यासमोर सांगितलंय..."

"ऐका तरी. म्हणूनच फोन केला." "तुमच्याकडे येतील, भाव विचारतील. कितीही दिले तरी कापू नका. ती जागा बांची नाही, बेन. माझी आहे."