मागची वाट

ओल्लोची तिरडी खांद्यावर घेतली तेव्हा माझ्या मनात एकच होतं. ही कुठेही जावो, फक्त माझ्या आईच्या दाराकडे जाऊ नये.

आमच्याकडे माणूस अवेळी गेला की कुणी मारलं हे त्यालाच विचारतात. दोघं तिरडी उचलतात, म्हातारा काम्बू काठी आपटून प्रश्न करतो आणि मेलेला वाट दाखवतो. ज्याच्या दाराला तिरडी धडकते त्याने दिवस मावळायच्या आत नदी ओलांडायची, पुन्हा तोंड दाखवायचं नाही. पुढच्या बाजूला मी होतो, मागे पाले. ओल्लो माझा दोस्त, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही.

खरं तर आईचं नाव कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. ज्वारीच्या दारूच्या माठाभोवती बसलेली माणसं ओल्लोच्या मेव्हण्याबद्दल कुजबुजत होती. आईचे ते शब्द ऐकले होते फक्त मी. महिन्यापूर्वी ओल्लोच्या शेळ्यांनी तिची सगळी भेंडी खाल्ली, तेव्हा शेळ्या हाकून नेणाऱ्या ओल्लोच्या पाठीमागे ती वाकल्या वाकल्या पुटपुटली होती, "ज्या पायांनी आलास ते सडोत तुझे." संध्याकाळी राग विसरून तिने त्याच्याच पोरांना जेवायला घातलं. पण पुढे ओल्लोच्या पायात काटा मोडला, पाय मांडीपर्यंत काळा पडला आणि नवव्या दिवशी तो गेला. ते नऊ दिवस मी आईशी धड बोललो नाही. तिला वाटलं, दोस्ताच्या काळजीने.

काम्बूने काठी आपटली. "ओल्लो, कुणी मारलं असेल तर चल."

तिरडी हलली. आधी मेव्हण्याच्या घराकडे चार पावलं गेली आणि थबकली. मागून पाले हळूच म्हणाला, "ढकलू नकोस रे." मी म्हटलं, तूच ढकलतोयस. तो शपथा घ्यायला लागला. त्याचा आवाज खरा होता, आणि माझी पाचावर धारण बसली.

मी स्वतःला बजावलं, भेंडीच्या वाफ्याकडे बघायचं नाही. बजावलं मात्र, खांदा तिकडेच वळला. मी टाचा रोवल्या, मागे रेटलं, दात आवळले. जेवढा मी अडवत होतो तेवढी ती जोरात ओढत होती. मला रडू फुटलं. लोक मागोमाग चालत होते.

समोरच्या मोठ्या वाटेने ती गेली नाही. शेळ्यांच्या गोठ्यामागून वळली, दोन कणग्यांमधल्या बोळात शिरली. तिथे खांदा तिरका करावा लागतो, तो मी केला. पुढे फुटकं जातं पडलेलं असतं, ते खाली न बघता ओलांडलं. पाले मात्र त्याला ठेचकाळला. मग तिरडीचं टोक आईच्या मागच्या दारावर आदळलं.

ती आत बिया निवडत बसली होती. आवाज ऐकून बाहेर आली, तिरडी पाहिली, मग मला पाहिलं.

मी तिरडी खाली टेकवली आणि काम्बूचे पाय धरले. "आजोबा, ओल्लो नाही आला इथे. मीच आणलं त्याला. मी ढकललं."

काम्बूने बोळातल्या मातीकडे बोट दाखवलं. माझ्या टाचांनी तिथे दोन खोल चर पडले होते. "ढकलणाऱ्याच्या टाचा अशा रुततात होय रे सान्सान? तू तर अडवत होतास. सगळ्यांनी पाहिलंय. आईसाठी खोटं बोलतोस, त्याचा राग नाही मला."

मी पालेकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. मी ओरडून सांगितलं, शब्द माझ्या डोक्यात होते, ओल्लोला ते माहीतच नव्हते. कोणते शब्द, असं काम्बूने विचारलं तेव्हा मी त्याचे पाय सोडले. सांगितलं असतं तर उरलीसुरली आशाही मीच बुडवली असती.

आईने घरात जाऊन एक घागर, एक कापड आणि बियांची पिशवी घेतली. तिचे गुडघे कधीचे गेलेत, नदीपलीकडे तिचं कुणी नाही. दारात ती माझ्याजवळ थांबली.

"ओल्लो कायम पुढून यायचा," ती हळू आवाजात म्हणाली. "मागची वाट तुझी. लहानपणापासून तूच येतोस तिथून."

मी बोळातल्या माझ्याच टाचांच्या चरांकडे पाहिलं.

"तुला खरंच वाटलं, मी मारलं त्याला?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. शब्द फुटायच्या आधीच माझी मान खालीवर हलली. तिने ते पाहिलं. मग घागर डोक्यावर घेतली आणि पुढच्या वाटेने नदीकडे निघाली.