मी बंद पडलो तेव्हा

मी बोलायला लागलो की घरात दुसऱ्या कुणाचं काही ऐकू येत नाही, ही माझी जुनी बदनामी आहे. म्हणून आज बटण बंद असताना बोलतोय. मी या घरातला मिक्सर. ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभा असतो. त्या भिंतीपलीकडे आईची खाट आहे, आणि जे घडलं ते त्या भिंतीमुळेच घडलं.

जन्म माझा कारखान्यातला. पोटात तांब्याची तार गुंडाळली, डोक्यावर खाच पाडली, सोबत तीन भांडी दिली. शेवटी एका बाईने मला रिकामाच फिरवला, कान देऊन ऐकलं आणि सासरी पाठवावं तशी पाठीवर थाप मारून खोक्यात घातलं.

आईने मला निवडला तो रंग पाहून नव्हे. ती घरी शिवणकाम करते. तिच्या शिलाई मशीनला मोटर आहे, त्यामुळे मोटरीची जात तिला कळते. दुकानदाराला म्हणाली, "चालू करा. अंगावर हात ठेवून बघू दे." दुकानदार हसला. ती हसली नाही. तिने हात ठेवला, माझी थरथर तळहाताने ऐकली आणि मग म्हणाली, "हा चालेल."

पुढेही तिची तीच रीत. थोडं वाटायचं, थांबायचं, पाठीवर हात ठेवायचा. "तापलास? बस जरा." माझ्या पोटाखाली एक लाल बटण आहे. ताकदीबाहेर काम दिलं की मी आपोआप बंद पडतो. मग थंड होऊ द्यायचं आणि ते बटण आत दाबायचं. हे आईलाच माहीत होतं. बाकीच्यांना वाटायचं, मिक्सर म्हणजे काय, बटण फिरवलं की फिरतो.

मग आई आजारी पडली.

आजाराचं नाव घरात कुणी घेत नसे. 'ते' म्हणायचे. 'ते' निघालं, 'त्याचं' ऑपरेशन झालं, आता 'त्याचे' डोस चालू आहेत. एकटी मुलगीच सरळ 'कॅन्सर' म्हणायची आणि त्यावरून आत्याची बोलणी खायची. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. डोकं तल्लख, जीभ त्याहून तल्लख.

डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती. औषध कडक आहे, अंगात ताकद हवी. वजन असंच घसरत राहिलं तर पुढचा डोस थांबवावा लागेल, आणि डोस थांबणं आपल्याला परवडणार नाही. दवाखान्यात खाली आहारतज्ज्ञ बसतात, त्यांना भेटून जा, असंही ते म्हणाले होते. कुणी भेटलं नाही. आत्या म्हणाली, "घरच्या माणसाला काय खायला घालायचं ते परक्या बाईला विचारू?" मुलगी म्हणाली, "मी वाचते ना सगळं." आयुष्यात पहिल्यांदाच या दोघींचं एकमत झालं, आणि तेही नको तिथे.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली, छडी सुटली नाही. भावजयीची सेवा करायला म्हणून आली आणि आल्या दिवशी फ्रीजमधून दूध, दही, लोणी हद्दपार. "त्याला दूध म्हणजे खतपाणी," असं तिच्या मैत्रिणीच्या विहिणीच्या शेजारणीने सांगितलं होतं. त्याबदली सकाळी माझ्या मोठ्या भांड्यात कच्च्या पाल्याचा रस. हिरवा, कडू, पेलाभर.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. विमा विकतो. समोरच्याला घाबरवल्याशिवाय त्याला बोलताच येत नाही. "ताईला गोड बंद म्हणजे बंद! साखर त्याचं अन्न आहे. भात, बटाटा, केळं, सगळी साखरच." स्वतः मात्र समोरच्या बेकरीतला केक खात खात हे सांगायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्याची कसल्याशा बियांची पूड माझ्या मधल्या भांड्यात.

आणि मुलगी? ती या दोघांवर डाफरायची. "आत्या, तुझं हे मोबाईलवरचं विज्ञान बंद कर. मामा, तू कुठल्या कॉलेजातून डॉक्टर झालास रे?" मला तिचं कौतुक वाटायचं. वाटायचं, निदान एक तरी शहाणं माणूस घरात आहे. पण तिनेही कुठल्या तरी परदेशी गोऱ्या बाईचे व्हिडिओ पाहून ठेवले होते. त्या बाईचे दात इतके पांढरे की तिचं खोटं वाटायलाच जागा नाही. त्यातून हिने तेल बंद केलं, तळलेलं बंद केलं, पांढरं मीठ उचलून कचऱ्यात टाकलं. माझ्या छोट्या भांड्यात ती काय काय मुळं आणि साली वाटायची. अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायला वय लागत नाही.

राहिले बाबा. ते आयुष्यभर बस चालवत आलेत. कुणीही हात केला की थांबायची सवय. आत्याने हात केला, थांबले, पाला आणला. मामाने हात केला, थांबले, बिया आणल्या. मुलीने हात केला, तिच्या साली आणल्या. बस कुठे चाललीय, हे विचारणं त्यांच्या कामात कधी आलंच नव्हतं.

अशी माझी तिन्ही भांडी तीन पक्षांनी वाटून घेतली. सकाळ आत्याची, दुपार मामाची, संध्याकाळ मुलीची. प्रत्येकाने आपल्याला नको ती वस्तू घरातून काढली. जे उरतंय ते दुसरं कुणीतरी खायला घालतच असेल, असं प्रत्येकजण धरून चालला. एक ना धड, भाराभर चिंध्या! आई भिडस्त. कुणी विचारलं की म्हणायची, "घेतलं ना. भरलं पोट." तिचं तोंड आलं होतं. जिभेवर फोड, प्रत्येक घासाला लोखंडाची चव. पाल्याचा रस ती दोन घोट घ्यायची आणि उरलेला न्हाणीघरात ओतायची.

हे मला कसं कळलं? भिंतीतून. माझी पाठ तिच्या उशाशी. मी फिरायला लागलो की ती पलीकडून काहीतरी म्हणायची. दर वेळी. पण माझ्याच आवाजात ते बुडून जायचं आणि ओट्याशी उभ्या असलेल्या कुणालाही ऐकू यायचं नाही. मी थांबेपर्यंत तीही दमून गप्प झालेली असायची. कुणी आत जाऊन "काही म्हणालीस का?" विचारलं, तर म्हणायची, "काही नाही. असू दे."

मग तो दिवस आला. सगळे दवाखान्यातून परतले ते एकमेकांकडे न बघता. आईला खाटेवर निजवलं आणि बाकीचे माझ्यासमोर जमले. वजन घसरलं होतं, रक्त कमी झालं होतं. डोस दिला नव्हता. पुढच्या आठवड्यात वजन सावरलं तर बघू, असं सांगून परत पाठवलं होतं.

"मी सांगत होते, रस दोन वेळा द्या," आत्या म्हणाली आणि मोठ्या भांड्यात पाला कोंबू लागली. देठांसकट, दाबून दाबून.

"अहो, पाल्याने कुठे वजन वाढतं? माझी पूड दिली होती का वेळेवर? घाला, त्यातच घाला." मामाने डबा उपडा केला.

"दोघंही थांबा!" मुलगी किंचाळली. "तुम्ही तिला मारताय. कळतंय का? उपाशी मारताय!"

"जास्त बोलू नकोस," आत्याने माझं झाकण दाबून धरलं. "पोरीसोरींनी शिकवावं इतके दिवस आले नाहीत आमच्यावर. तू काय खायला घालतेस तिला? सालीच ना?"

"त्यात अँटीऑक्सिडंट असतात!"

"खाऊन तर दाखव एकदा!" मामा म्हणाला.

बाबा दारात उभे होते. बसमध्ये मागे भांडण लागलं तरी ड्रायव्हर रस्त्याकडेच बघतो, तसे खिडकीबाहेर बघत.

आत्याने बटण शेवटपर्यंत फिरवलं. देठ पात्यांत अडकले, पूड चिखलासारखी बसली. माझी तार तापली. कुणीतरी पाठीवर हात ठेवेल म्हणून वाट पाहिली. कुणी ठेवला नाही. जळका वास सुटला, पोटात खट्ट झालं आणि मी बंद पडलो.

आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून आवाज आला. बारीक, पण अगदी स्पष्ट.

"मला उकडलेला बटाटा द्या ना कुणीतरी. लोणी आणि मीठ घालून."

माझ्या आवाजाखाली इतके दिवस ती हेच म्हणत होती. मला माहीत होतं. आज त्यांनाही ऐकू आलं.

बाबा पहिले हलले. टोपलीत हात घातला. बटाटा नव्हता. त्यांनी मामाकडे पाहिलं. फ्रीज उघडला. लोणी नव्हतं. आत्याने नजर खाली घातली. मुलीने मिठाच्या बरणीचं झाकण काढलं आणि रिकाम्या बरणीत बघत राहिली. तिनेच रिकामी करून घासून ठेवलेली बरणी. तिचा चेहरा मी इतक्या जवळून पाहिला की मला त्या क्षणी बोलता येत नव्हतं तेच बरं झालं.

मग ती पळाली. चप्पल न घालता. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे, तिथून पुढच्या दारी. ओटीत भरावं तसं ओढणीत बटाटे, हातात लोण्याची वाटी आणि कागदाच्या पुडीत मीठ घेऊन परतली.

बटाटा उकडेपर्यंत आई भिंतीला धरून स्वतःच आली. डोक्याला रुमाल, खांदे नुसती खुंटी. मुलगी गरम बटाटा माझ्या भांड्यात घालायला निघाली तशी आई म्हणाली, "मिक्सरमध्ये नको गं, चिकट होतो. चमच्याने कुस्कर. आणि त्याला कशाला छळता? बिघडला नाहीये तो." तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. हात हलका झाला होता, पण ओळख तीच. "जास्त झालं की बंद पडतो. थंड होऊ द्या, मग खालचं लाल बटण दाबा."

"आम्हाला कुठे ठाऊक होतं?" आत्या पुटपुटली.

"विचारलं असतं तर सांगितलं असतं," आई म्हणाली आणि स्टुलावर बसून खाऊ लागली. हळू, फोड चुकवत. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा नकोसा झालो होतो आणि मला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी आईला घेऊन आहारतज्ज्ञांकडे गेली. परतल्यावर स्वयंपाकघरात सगळ्यांना बसवून सांगितलं. या वेळी आवाज न चढवता. सध्या कच्चे रस बंद. अंगात पांढऱ्या पेशी कमी आहेत, कच्च्यातून जंतू जायची भीती. कुठलीही पूड डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, औषधाशी भांडण होऊ शकतं. अंडं, दूध, भात, बटाटा, जे गिळवेल ते, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा.

"आणि साखर?" मामाने विचारलं.

"साखर बंद केली म्हणून कॅन्सर उपाशी राहत नाही, मामा. आई राहते."

"मग बरं कशाने होणार ते सांगितलं का त्या बाईने?" आत्या म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. तेव्हा मला समजलं, ती छडी कशाला धरून होती. हातात काहीतरी असावं म्हणून.

मुलीने आहारतज्ज्ञांचा कागद घडी घालून ओट्यावर ठेवला. "नाही," ती म्हणाली. "खाण्याने बरी होईल असं त्या म्हणाल्या नाहीत. उपचार सोसायला बळ मिळेल, एवढंच म्हणाल्या. मी दोनदा विचारलं, आत्या. मलाही दुसरं काहीतरी ऐकायचं होतं."

तो आठवडा बटाट्याचा, दूधभाताचा, अंड्याचा गेला. काही पोटात राहिलं, काही उलटून पडलं. तोंडातले फोड जास्त झाले त्या दिवशी मला बोलावलं. शिजलेलं पातळ करायला, एकच फेरा. मुलगी एक हात बटणावर ठेवायची आणि दुसरा माझ्या पाठीवर.

आज सकाळी सगळे पुन्हा दवाखान्यात गेले. मी दिवसभर दाराकडे कान लावून होतो. आत्ताच परतले आहेत. आईचे ओठ पांढरे पडलेत, बाबांनी तिला जवळजवळ उचलूनच आणलं. पण तिच्या मनगटावर सुईच्या जागी चिकटपट्टी आहे. डोस दिला. वजन फारसं वाढलं नाही म्हणे, पण घसरलंही नाही. पुढच्या वेळचं पुढच्या वेळी.

आत्याच्या मोबाईलवर आत्ता काहीतरी वाजलं. तिने वाचलं. माझ्याकडे पाहिलं. माझं मोठं भांडं धुऊन पालथं घातलेलं आहे, तिकडे तिचा हात गेला, अर्ध्यावर थांबला. मग ती उठून आतल्या दाराशी गेली.

"अगं, काय खाशील?"

भिंतीपलीकडून बारीक आवाज आला, "आत्ता काही नको."

सगळ्यांना उत्तरं देत आलेली आत्या तिथेच उंबऱ्यावर बसली.

मी म्हातारा होत चाललोय. एक पातं बोथट झालंय, कधीतरी लाल बटणही मला उठवू शकणार नाही. पण ज्यांच्या घरात भिंतीपलीकडे कुणी निजलं आहे, त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. माझ्यात काय घालायचं ते नंतर ठरवा. बटण फिरवण्याआधी त्या भिंतीला एकदा कान लावा. मी सुरू झालो की मग मलाच ऐकू येतं, आणि मला सांगता येत नाही.