पितळी कोल्ह्याचं नाक

माझ्या मुलीला, टिलीला, शेंगदाणा चालत नाही. हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत इतक्या जणांना सांगितलंय की आता नवीन कुणी भेटलं तर स्वतःच्या नावाआधी तेच तोंडातून बाहेर पडतं. लोक मान डोलावतात आणि विचारतात, "पण एखाददुसरा चालत असेल ना?" मग मी सांगते की दोन वर्षांची असताना एका बिस्किटाच्या तुकड्याने तिचे ओठ निळे पडले होते. त्यावर ते माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघतात.

आणि मी राहते जॉर्जियात. इथे शनिवारी टॉलिव्हर कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाची मॅच असली की सकाळपासून कोपऱ्याकोपऱ्यावर मोठाल्या पातेल्यांतून मिठाच्या पाण्यात शेंगा उकडत असतात. लोक कागदी पिशवीत गरम गरम शेंगा घेऊन स्टेडियममध्ये शिरतात आणि मॅच संपेपर्यंत सोलत बसतात.

मी मिनेसोटाची. लग्न होऊन इथे आले तेव्हा वाटलं होतं, नवऱ्याच्या, वेंडेलच्या घरच्यांना कॉलेजचा अभिमान आहे म्हणजे सगळे तिथेच शिकले असणार. त्यांच्यापैकी कुणीही तिथे एक दिवस शिकलेलं नाही. माझे सासरे हॉलिस चाळीस वर्षं लाकडं वाहणारे ट्रक चालवत होते. पण संघाचं नाव 'कोल्हे', आणि कोल्हे हरले की ते सोमवारपर्यंत जेवायचे नाहीत. ह्या घरातली डिग्री असलेली एकटी मीच, आणि स्कोअर न कळणारीही मी एकटीच.

सगळं सुरू होतं ते त्या नाकापासून. स्टेडियमच्या सेक्शन नऊमध्ये, सगळ्यात वरच्या रांगेच्या कठड्यावर एक पितळी कोल्हा बसवलेला आहे. पहिल्यांदा मॅचला आलेल्या मुलाला, कोल्ह्यांनी पहिला टचडाउन केला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे नेला की, लोकांच्या डोक्यांवरून हातोहात वर पाठवायचं. मुलाने कोल्ह्याच्या नाकाला हात लावायचा आणि तसंच हातोहात खाली यायचं. हॉलिस एकोणीसशे एकोणसाठ साली वर गेले होते, वेंडेल एक्क्याण्णवला. त्या कोल्ह्याचं नाक झिजून झिजून नुसतं बटण उरलंय.

"एकदा हात लावून खाली आलं की झालं," हॉलिस सांगायचे. "मग माणूस जन्मभर आमचा. सोडतो म्हटलं तरी सुटत नाही."

"म्हणूनच नको," मी म्हटलं होतं. "साठ रांगा, हॉलिस. प्रत्येक हाताला शेंगा."

हा वाद दोन वर्षं चालला. टिली चार वर्षांची झाली तेव्हा मी एवढंच कबूल केलं की ती मॅचला येईल. वर जाणार नाही.

"बरं पोरी," हॉलिस म्हणाले. "आई तू आहेस."

आणि त्यांनी शब्द पाळायचा प्रयत्न केला, हे सांगायलाच हवं. आमच्या आठव्या रांगेतल्या प्रत्येकाला आणि मागच्यापुढच्या दोन-दोन रांगांना त्यांनी स्वतः फोन केले. मॅचच्या दिवशी आमच्या आसपास एकाच्याही हातात शेंग नव्हती. तीस वर्षं त्यांच्या शेजारी बसणारा माणूस नुसत्या खारट बिस्किटांवर होता आणि ते मला ऐकवत होता.

त्या सकाळी घरून निघताना मात्र हॉलिसचं लक्ष टिलीच्या पायांकडे गेलं. अंगात नारिंगी जर्सी, केसांना नारिंगी रिबीन, आणि पायात जांभळे मोजे. नारिंगी कोल्ह्यांचा रंग, जांभळा लॅन्हमचा, आणि मॅच लॅन्हमशीच होती.

"वेंडेल, तुझी बायको त्यांची हेर आहे की काय?"

"पप्पा, मोजे आहेत ते."

"मलाही दिसतंय मोजे आहेत. झेंडा असता तर जाळला असता."

टिलीला ते मोजे आवडायचे. तिने ते काढायला साफ नकार दिला आणि मला मनातून बरं वाटलं. निदान पायापुरती तरी ती माझी होती.

ऊन भयंकर होतं. पहिल्या अर्ध्या तासात टिलीची बाटली संपली. मी म्हटलं, भरून आणते. वेंडेलला बजावलं, हात सोडू नकोस. ॲलर्जी उठलीच तर लगेच टोचायच्या इंजेक्शनची दोन पेनं असलेली माझी पारदर्शक पिशवी नेहमीसारखी माझ्या गळ्यातच होती. ती टिलीपासून लांब जातेय हे लक्षात यायला हवं होतं. मी पाण्याचा विचार करत होते.

नळाशी रांग होती. मी पुढून तिसरी असताना वरचं काँक्रीट थरथरायला लागलं. आधी पायांचा आवाज, मग ऐंशी हजार माणसांची कोल्हेकुई. हे लोक टचडाउनला टाळ्या वाजवत नाहीत, माना वर करून कोल्ह्यासारखे ओरडतात. मी बाटली तिथेच ठेवून पळाले.

आठव्या रांगेत पोचले तर टिलीची जागा रिकामी. वेंडेलने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. हॉलिस मात्र वर बोट दाखवत होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पोचली. मी पाहिलं, तिने नाकाला हात लावला. घाबरली नाही गं. हसत होती."

"तुम्ही म्हणाला होतात."

"तिनेच हात वर केले, पोरी. सगळे ओरडायला लागले आणि तिने आपणहून हात वर केले. आत्ता येईल खाली."

ती आली नाही. त्याच क्षणाला लॅन्हमच्या खेळाडूच्या हातून बॉल निसटला आणि आमच्या कुणीतरी तो झडप घालून धरला. साठच्या साठ रांगा मैदानाकडे वळल्या, उड्या मारायला लागल्या. मुलांना झेलायला वर झालेले हात दुसऱ्याच कामाला लागले. मी वर बघत होते आणि मला फक्त नारिंगी रंग दिसत होता.

मी पायऱ्यांकडे धावले. पायऱ्यासुद्धा माणसांनी भरलेल्या होत्या. दहाव्या रांगेशी एक गार्ड उभा होता.

"माझी मुलगी वर पाठवली, ती परत आली नाही."

"येईल, मॅडम. कपडे कुठले आहेत?"

"नारिंगी जर्सी. नारिंगी रिबीन."

त्याने एकदा त्या सगळ्या गर्दीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो उद्धटपणे वागला नाही. सगळी गर्दीच नारिंगी होती.

"जांभळे मोजे," मी म्हटलं. "तिच्या पायात जांभळे मोजे आहेत."

शेजारचा माणूस वळला. अर्धा चेहरा नारिंगी रंगवलेला, पोट सुटलेलं. "ती होय? मीच वर दिली तिला. कुणी घातले तिला ते मोजे?"

"मी घातले. कुठे आहे ती?"

"वरच असेल. अहो, एवढं काय? माझ्या तिन्ही पोरी गेल्यात वर."

मी त्याला ढकलून चढायला लागले. अठराव्या रांगेपर्यंत पोचले असेन. पुढे एक इंच जागा नव्हती. कोल्हे पुन्हा गोललाइनच्या जवळ होते आणि कुणालाही पाठीमागे कोण रडतंय ते ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात वरून शब्द खाली यायला लागले. आधी एक बाई, मग तिच्या पुढचा माणूस, मग त्याच्या पुढची मुलगी, प्रत्येकजण वळून खालच्याला सांगत होता.

"जांभळ्या मोज्यांवालीची आई कोण? तिच्या अंगावर गांधी उठल्यात. ओठ सुजलेत. खोकतेय."

मी हात वर केला. पिशवीतून दोन्ही पेनं काढली. साठाव्या रांगेपर्यंत अजून चाळीसेक रांगा, आणि प्रत्येक रांग भिंतीसारखी उभी. मला चढायला दहा मिनिटं लागली असती. टिलीकडे दहा मिनिटं नव्हती.

रंगवलेल्या चेहऱ्याचा तो माणूस माझ्यामागून चढत आला होता. "द्या, मॅडम. आम्ही पोचवतो."

"मुलगीही अशीच पोचवलीत तुम्ही."

"पोचली होती ना?"

त्याचे हात शेंगांच्या पाण्याने ओले होते. मी ते हात पाहिले. माझी बोटं पेनावरून सुटेनात, अक्षरशः त्याने एकेक करून सोडवली. एक पेन त्याला दिलं, दुसरं मुठीत धरलं. मग मी ओरडून सांगितलं, "निळं टोपण काढायचं. नारिंगी टोक मांडीला, कपड्यांवरूनच. एक-दोन-तीन म्हणेपर्यंत दाबून धरायचं."

"निळं काढायचं, नारिंगी मांडीला, तीन मोजायचे," तो वरच्याला म्हणाला आणि पेन डोक्यावर धरलं.

"निळं काढायचं, नारिंगी मांडीला, तीन मोजायचे."

पेन वर निघालं. चार रांगांनंतर मला ते दिसेनासं झालं. फक्त वाक्य ऐकू येत होतं, दूर दूर जाणारं, वेगवेगळ्या आवाजांत, एक शब्द न बदलता. मी कधी प्रार्थना करत नाही. त्या वेळी मी तेच वाक्य पुटपुटत होते.

मग खालून हॉलिसचा आवाज आला. त्यांचे गुडघे गेलेले आहेत, ते चढू शकत नव्हते. ते आमच्या बाकावर उभे राहून, मैदानाकडे पाठ करून ओरडत होते.

"बसा. सेक्शन नऊ, सगळे खाली बसा. पोर आजारी आहे. बसा म्हणतो ना."

साठ वर्षांत त्या माणसाने मॅच चालू असताना स्वतः बूड टेकवलं नव्हतं. आधी आठवी रांग बसली, मग नववी, मग दहावी. माझ्या शेजारचे बसले, माझ्या वरचे बसले. कोल्हे गोललाइनपासून दोन पावलांवर होते आणि आख्खा सेक्शन नऊ खाली बसला. भिंत उतरली. पार वर, कठड्याशी, एका बाईच्या मांडीवर दोन जांभळे ठिपके दिसले. ते हलत नव्हते.

मी पळाले. बसलेल्या लोकांनी गुडघे आत घेतले, कुणी पाठीला हात लावून पुढे लोटलं. पन्नासाव्या रांगेशी असताना ते ठिपके हलले. लाथ मारल्यासारखे. आणि मग रडणं ऐकू आलं.

रडायला श्वास लागतो. मी पायरीवर बसले आणि उरलेल्या दहा रांगा जवळजवळ रांगत चढले.

ती बाई सत्तरीची होती. एका हाताने टिलीला आडवं धरलेलं, दुसऱ्या हातात रिकामं पेन. "तीन मोजले," ती म्हणाली. "मग अजून दोन मोजले, भीती वाटली म्हणून. चाललं का ते?"

मी मान हलवली. टिलीचा चेहरा फुगलेला, डोळे नुसत्या फटी. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, पण हवा आत जात होती.

"मीच दिली शेंग," ती बाई म्हणाली. "खाली न्यायला कुणी हात देईना, ती रडवेली झाली. मी सोलून दिले, दोन दाणे. ती विचारत होती, हे काय आहे. मी म्हटलं, खाऊन बघ, राणी." तिने टिलीला माझ्या मांडीवर ठेवलं. "मला कुणी सांगितलं नाही गं."

तसलेच आणखी दाणे बाकावर पडलेले होते. मऊ, तपकिरी, राजम्यासारखे. मी टिलीला चित्रं दाखवून, डब्यांवर बोट ठेवून शेंगदाणा ओळखायला शिकवलं होतं. भाजलेला, कोरडा, कडक. मिनेसोटातला. उकडलेला मी तिला कधी दाखवलाच नव्हता. घरात येऊ देत नव्हते ना.

हॉस्पिटलात चार तास थांबायला सांगितलं, दुसरा झटका येतो का पाहायला. मी तिच्या छातीवर हात ठेवून बसले होते. वेंडेल दोनदा काहीतरी बोलायला गेला. मी म्हटलं, आत्ता नको. हॉलिस दारात उभे होते. आत येत नव्हते, जातही नव्हते. नारिंगी टोपी त्यांनी चुरगळून चिंधी करून टाकली होती.

मी ठरवलं होतं. पुन्हा नाही. टिली त्या जागेच्या आसपासही जाणार नाही, आणि हा माणूस तिला एकट्याने भेटणार नाही. वाक्यंसुद्धा मनात जुळवून ठेवली होती.

टिलीने डोळे किलकिले केले.

"मी नाकाला हात लावला, आई."

"हो, राणी."

"गरम होतं." मग थोडं थांबून, "आपण जिंकलो का?"

आपण. घसा सुजून मरता मरता राहिलेली माझी मुलगी हे विचारत होती, आणि तिच्या त्या 'आपण'मध्ये साठ रांगा होत्या. त्यांनी तिला मारलं होतं जवळजवळ, आणि त्यांनीच वाचवलं होतं. ती दोन्ही कामं त्याच हातांनी केली होती. मी जुळवलेली वाक्यं ह्याला पुरणार नव्हती.

मी दाराशी गेले. "ती विचारतेय, जिंकलो का."

हॉलिसनी चुरगळलेली टोपी खिशात कोंबली. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी रेडिओ लावला नाही."

एकोणसाठ सालापासून पहिल्यांदा त्या माणसाला स्कोअर माहीत नव्हता. मी त्यांना आत घेतलं नाही. पण कॉरिडॉरमधल्या नर्सला मीच जाऊन विचारलं, आणि परत येऊन टिलीला सांगितलं. कोल्हे जिंकले, तीन गुणांनी. ती लगेच झोपली. हॉलिसनाही ते ऐकू गेलं असणार. त्यांनी भिंतीला डोकं टेकलं.

बुधवारी त्यांचा फोन आला. माफी दोनदा मागून झाली होती, तिसऱ्यांदा मागितली.

"कॉरिन, एक विचारू? रागावू नकोस. ते मोजे धुतलेस का?"

जिंकलेल्या दिवशी अंगावर जे होतं ते हे लोक हरेपर्यंत धूत नाहीत. मी फोन ठेवून दिला.

मोजे धुतलेले नाहीत. टिली धुवू देत नाही. टेबलावर घट्ट झाकणाची काचेची बरणी आहे, तिच्यात तीन उकडलेल्या शेंगा. रोज सकाळी मी विचारते, हे काय? ती म्हणते, हीपण शेंगच. मी चार पेनं मागवलीत. स्टेडियममधली जागा बदलून पायऱ्यांच्या कडेची घेतली आहे, आठव्या रांगेपासून वर जायच्या पायऱ्या मला आता पाठ आहेत. शनिवारच्या मॅचला अजून तीन दिवस आहेत, आणि टिलीला नेताना घ्यायची पिशवी मी आतापासूनच भरून ठेवलीय.